फिलिपाईन्सची केळी, खानदेशचा कापूस आणि चीन

मे २०१२ मध्ये फिलिपाईन्समधून आलेली केळी चीनच्या बंदरांवर कंटेनरमध्येच सडत पडली. मालात कीड आढळली म्हणून तपासणी कडक करण्यात आली आहे, असे चिनी अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. परंतु त्याच्या आदल्याच महिन्यात दक्षिण चिनी समुद्रातील स्कारबरो या प्रवाळ खडकांच्या मालकीवरून दोन्ही देशांची जहाजे समोरासमोर उभी ठाकली होती. कीड खरी असेल किंवा नसेल. तपासणीचा मुहूर्त मात्र समुद्रावरील तंट्यानेच काढला होता, असे मानण्यास भरपूर जागा आहे. तंट्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा मिंडानाओ बेटावरील केळी-उत्पादकांनी त्याची किंमत मोजली.

ही हकीकत रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत अधिक चटकन समजेल. घड कापणीला आला आणि माल भरायला गाडी लागली नाही, तर काय होते, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, ज्वारी कणगीत राहते; केळी थांबत नाही. नेमक्या याच कारणामुळे केळीची निवड झाली असावी. चिनी ग्राहकाचे केळीवाचून काही अडणार नव्हते, पण विकणाऱ्याचे आठ दिवसांत दिवाळे वाजणार होते. व्यापारात दोन्ही पक्षांचा लाभ होतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवले जाते आणि ते खरेही आहे. मात्र तो व्यापार थांबला तर दोघांचे सारखेच नुकसान होते, असे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याचे कमी अडते, त्याच्या हाती सत्ता राहते.

न जाहीर केलेली बंदी

चीनच्या परराष्ट्र धोरणातील हे साधन नवे नाही. २०१० च्या सप्टेंबरमध्ये जपानने एका चिनी मासेमारी नौकेचा कप्तान पकडला, तेव्हा दुर्मिळ खनिजांचा जपानकडे जाणारा पुरवठा आटला. त्याच वर्षी चिनी बंडखोर लेखक लिऊ शियाओबो यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि नॉर्वेच्या सामन माशांना चिनी बाजारात अडथळे येऊ लागले. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने करोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली; थोड्याच काळात तेथील बार्लीवर आणि पुढे द्राक्षमद्यावर जबर आयात कर बसला.

या सर्व प्रकरणांतील समान धागा लक्षात घेण्याजोगा आहे. राजकीय रोषापोटी निर्बंध घातले, असे चीनने कोठेही म्हटले नाही. कधी कीड निघाली, कधी कागदपत्र अपुरे ठरले, कधी स्वस्त दराने माल लोटल्याचा आरोप झाला. जी बंदी जाहीरच झालेली नाही, तिच्याविरुद्ध दाद मागणे कठीण आणि ती उठवणे सोपे. फिलिपाईन्सचे अध्यक्ष दुतेर्ते २०१६ च्या ऑक्टोबरात मैत्रीचा हात पुढे करीत बीजिंगला गेले आणि केळीवरील निर्बंध सैल झाले.

आग्रा रस्त्यावरून गेलेली अफू

चीनच्या या वृत्तीला इतिहासाचे कारण आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट खानदेशातून गेली आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतरच्या काळात माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरात पोहोचवण्याचा एक मार्ग सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव असा होता. मुंबईहून ती जहाजाने चीनला जाई. चहा आणि रेशीम यांच्या मोबदल्यात चांदी मोजावी लागू नये, म्हणून इंग्रजी व्यापाराने हा उपाय शोधला होता. चिनी सरकारने अफू रोखण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १८३९ मध्ये युद्ध झाले. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले आणि चिनी बंदरे परकीय व्यापाराला सक्तीने खुली झाली. भारतातून चीनला होणारी अफूची निर्यात १९१३ च्या सुमारास थांबली.

१८३९ ते १९४९ या कालखंडाला चीनमध्ये आजही अपमानाचे शतक म्हणतात, आणि शाळेपासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर ते बिंबवले जाते. व्यापार हा शस्त्रासारखा वापरता येतो, हा धडा चीन त्या शतकात शिकला. या आठवणीने चीनच्या आजच्या वर्तनाचे समर्थन होत नाही. फिलिपिनो शेतकऱ्याने काही चीनला अफू विकली नव्हती. परंतु ज्या देशाशी व्यवहार करावयाचा, त्याच्या मनात काय साचले आहे, हे ठाऊक नसणे शहाणपणाचे नव्हे.

घेणारा आणि विकणारा

खानदेशला चीनचा प्रत्यक्ष अनुभव दोन प्रकारे आला. पहिला कापसाचा. २०११ पासून चीनने सरकारी साठ्यासाठी आपल्या शेतकऱ्यांकडून चढ्या भावाने कापूस खरेदी केला. देशांतर्गत भाव वाढताच तेथील गिरण्या परदेशी कापसाकडे वळल्या. २०११-१२ च्या हंगामात भारताची कापूस निर्यात सुमारे १३० लाख गाठींवर गेली आणि तिचा सर्वांत मोठा वाटा चीनकडे गेला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने रात्रंदिवस चालले. २०१४ मध्ये चीनने साठ्याची ही योजना गुंडाळली. २०१४-१५ मध्ये भारताची निर्यात ५८ लाख गाठींच्या आसपास, म्हणजे आदल्या हंगामाच्या निम्म्यावर, आली. लांब धाग्याच्या कापसाचा ४,०५० रुपयांचा हमीभाव मिळावा म्हणून शेतकऱ्याला सरकारी खरेदी केंद्रांची वाट धरावी लागली. येथे चीनचा भारतावर रोष नव्हता. त्याने केवळ आपले घरगुती धोरण बदलले होते. एवढ्यानेही बोदवड आणि शिंदखेड्याच्या शेतकऱ्याचे वर्षाचे गणित चुकले.

दुसरा अनुभव खतांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. १५ ऑक्टोबर २०२१ पासून चीनने खतांच्या निर्यातीपूर्वी सरकारी तपासणी सक्तीची केली. त्याच रब्बीत डीएपीसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताकडे येणाऱ्या विद्राव्य खतांची तपासणीच होईना, त्यामुळे माल निघेना. ठिबकच्या नळीतून केळीला दिली जाणारी ही खते भारत बहुतांशी चीनमधून आणतो. त्या ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा हा अडथळा दूर करण्याचे आश्वासन मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. रावेरच्या बागेला पोटॅश केव्हा मिळणार, हा प्रश्न दोन परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत जाऊन पोहोचला होता.

फिलिपाईन्सचा माल घेणे थांबवून चीनने त्याला वाकवले. भारताच्या बाबतीत त्याला विकणे थांबवले तरी पुरते. २०२४-२५ मध्ये भारताने चीनला सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल विकला आणि ११३ अब्ज डॉलरचा घेतला. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांनी प्राण दिले, तेव्हा चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा गावोगाव झाल्या. २०२०-२१ मध्ये चीनमधून होणारी आयात सुमारे ६५ अब्ज डॉलर होती. चार वर्षांत ती पाऊणपटीने वाढली. भावना खोटी नव्हती. पण दुकानातील दिव्यांच्या माळा नाकारता येतात, खताचा कच्चा माल आणि औषधांचे घटक नाकारता येत नाहीत, कारण ते ग्राहकाच्या नजरेसच पडत नाहीत.

उत्तर कोठे आहे

हे साधन अमोघ आहे, असे मात्र समजू नये. ऑस्ट्रेलियाने बार्लीसाठी दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या, आपली भूमिका सोडली नाही, आणि चीननेच २०२३ मध्ये बार्लीवरील व २०२४ मध्ये द्राक्षमद्यावरील कर मागे घेतले. ज्याच्याजवळ दुसरा ग्राहक अथवा दुसरा पुरवठादार आहे, त्याच्यावर दडपण चालत नाही. जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाशी पाच वर्षे, दरसाल ३१ लाख टन डीएपीचा करार केला, ते पाऊल याच दिशेचे आहे. विद्राव्य खतांच्या देशी उत्पादनाकडे मात्र तेवढ्या निकडीने पाहिले गेलेले नाही. ती निकड दिल्लीला जाणवून देण्याचे काम खानदेशच्या लोकप्रतिनिधींचे आहे.

येथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ५ मार्च २०१२ रोजी भारतानेच कापसाची निर्यात एका आदेशाने थांबवली होती. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा धुळे-नाशिकच्या उत्पादकाबरोबर बांगलादेशचा ग्राहकही हवालदिल झाला. चीनची बंदी राजकारणासाठी आणि आपली महागाईसाठी, हा भेद खरा आहे. पण विश्वासू विक्रेता अशी ख्याती दोघांनाही अशाने मिळत नाही. चीनला पर्याय म्हणून जगापुढे उभे राहावयाचे असेल, तर ही ख्याती हीच पहिली पुंजी होय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीविषयी समझोता झाला. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी तिआनजिन येथे दोन्ही देशांचे नेते भेटले. संबंध सुधारत असतील तर ते स्वागतार्हच आहे. परंतु सुधारलेल्या संबंधांच्या काळातच परावलंबन कमी करून घ्यावयाचे असते. बिघडल्यावर त्याला अवधी मिळत नाही. जून-जुलैत मृगबाग लावणारा आणि ऑक्टोबरात कांदेबाग लावणारा बागायतदार अठरा महिन्यांचा हिशेब आधी मांडतो. त्या हिशेबात पाऊस, भाव आणि रेल्वेच्या वाघिणी असतात. बीजिंगची मर्जी हा चौथा रकाना त्याला मांडावा लागू नये, एवढी अपेक्षा त्याने आपल्या सरकारकडून केली, तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.