दर कुत्र्यामागे आठ आणे

6 जून 1832 रोजी मुंबईच्या कोटात पारशी मंडळी कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरली. बेवारस कुत्री मारायचा कंपनी सरकारचा नियम 1813 पासूनचा होता, पण तो वर्षातल्या ठरावीक आठवड्यांपुरता चाले. त्या साली उन्हाळ्यातली मुदत जूनच्या मध्यापर्यंत लांबवली गेली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या काळात आठ आण्यांसाठी माणूस काय काय करेल! बेवारस कुठलं आणि घरचं कुठलं, याची चौकशी कोण करत बसतो? पकडणारे थेट लोकांच्या घरांतून कुत्री ओढून नेऊ लागले. त्यात तो दिवस पारश्यांचा पवित्र. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी, म्हणजे ‘सगदीद’ व्हावी, असा ज्यांचा रिवाज, त्यांच्या दारात हा प्रकार. जमावाने दोन गोऱ्या कॉन्स्टेबलांना चोपून काढलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, इस्माइलीही हरताळात सामील झाले आणि कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. मग लष्कर आलं, धरपकड झाली, शिक्षा झाल्या.

हा दंगा निव्वळ भूतदयेचा होता असं मात्र मी मानत नाही. सरकारी माणूस उंबरठा ओलांडून आत आला, हा खरा राग होता. परिणाम व्हायचा तो झालाच. मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर नेऊन सोडावीत, असं ठरलं. दोनच वर्षांत, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. गायींमुळे आज ओळखली जाणारी ही संस्था सुरू झाली ती कुत्र्या-डुकरांना गोळीपासून वाचवण्यासाठी, हे गिरगावकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

कुत्र्यावरची माया आणि कुत्र्याची भीती, या वादाच्या दोन्ही बाजू पुढे परळला शेजारी येऊन बसल्या. दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे दिलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं इस्पितळ 1880 च्या दशकात इथे उभं राहिलं. आजही तिथल्या बाकांवर कोणी मांजाने पंख कापलेलं कबुतर पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊन बसलेलं असतं, तर कोणी टॅक्सीतून जखमी कुत्रं उचलून आणतं. जवळच गव्हर्नरचा जुना बंगला. 1899 मध्ये प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनची प्रयोगशाळा त्यात आली आणि पुढे तिथे रेबीजची लसही बनू लागली. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं! चाळीतल्या आया पोरांना कुत्र्यापासून लांब ठेवायला त्याच चौदाची भीती घालत. कुत्र्यावर माया असलेल्या घरातसुद्धा ती भीती असायचीच.

मधल्या काळात महापालिकेने कुत्री मारली, वर्षाला हजारोंनी. कुत्र्यांची गाडी गल्लीत शिरली की पोरं काळ्याला, मोत्याला जिन्याखाली लपवत. पकडलेली कुत्री विजेचा झटका देऊन संपवली जात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही बेवारस कुत्री मारायला मुभा ठेवलीच होती. एवढं करूनही गल्ल्या रिकाम्या झाल्या नाहीत. उकिरडा तसाच राहिला, त्यावरचं अन्न तसंच राहिलं, म्हणून मेलेल्यांच्या जागी शेजारच्या हद्दीतली कुत्री आली आणि त्यांची पिल्लंही जगली. अखेर 1994 मध्ये पालिकेने मारणं थांबवून संस्थांच्या मदतीने नसबंदीचा मार्ग धरला. 2001 मध्ये केंद्राने त्याचेच नियम केले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, होतं तिथेच परत सोडा. कानाचा कापलेला कोपरा ही त्याची खूण. कुठल्याही मासळीबाजारापाशी संध्याकाळी टोपल्या धुतल्या जातात, तेव्हा जमणाऱ्या कुत्र्यांचे कान एकदा नीट बघा.

असे नियम रद्द करा ही मागणी तिकडे इंग्लंडमध्येही आहे, पण तिथला वाद उलटा: वाचवायचं ते कुत्र्यांपासून. कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करायला तिथे 2004 च्या कायद्याने बंदी आली. तो रद्द करा म्हणणारे तिथेही आहेत, आणि परंपरा, शेतकऱ्याचं नुकसान, शहरी लोकांची लुडबूड ही त्यांची कारणं आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या वादात ऐकली तशीच. आपल्याकडे नसबंदीचे नियम गुंडाळा म्हणणारे मात्र परंपरेचं नाव घेत नाहीत. त्यांच्या हातात चावलेल्या पोराचा फोटो असतो. त्याला उत्तर देणं अवघड आहे, आणि प्राणिप्रेमी ते बहुतेकदा टाळतात.

2008 च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारायची मुभा पालिकांना दिली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि प्रकरण पंधरा वर्षं लोंबकळत राहून 2024 मध्ये निकाली निघालं. दरम्यान 2014 च्या गणनेत मुंबईत 95,172 भटकी कुत्री निघाली. दहा वर्षांनी आकडा नव्वद हजारांच्या आसपास. कमी झाला, पण नसबंदीवाल्यांनी पेढे वाटावेत इतका नाही. बहुतांश कुत्र्यांची नसबंदी थोडक्या काळात उरकली तरच हा उपाय लागू पडतो. वॉर्डाचं काम वर्षभर रेंगाळलं की उरलेल्या माद्या पुढच्या हंगामात कसर भरून काढतात. म्हणून नियम रद्द करायला माझा विरोध आहे, पण नियम पाळले जात आहेत असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री कायमची उचलायला सांगितलं आणि अकरा दिवसांत आदेश बदलून, नसबंदी झालेली परत सोडा म्हटलं. 7 नोव्हेंबरला पुन्हा आदेश, या वेळी देशभरासाठी: शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांतून कुत्री हलवा, तिथे परत सोडू नका. म्हणजे परळचं केईएम रुग्णालय आलं, दादर स्टेशन आलं, लालबागच्या शाळा आल्या. हलवायची म्हटलं की जागा लागते, रोजचं खाणं लागतं, डॉक्टर लागतात. मुंबईत माणसाला पागडीची खोली मिळेना, तिथे हजारो कुत्र्यांचे निवारे कुठल्या वॉर्डात बांधणार, हे कुणीतरी नकाशावर बोट ठेवून दाखवायला हवं. मासळीबाजाराचा कचरा तोवर रोज संध्याकाळी उचलता येईल. त्याला न्यायालयाची परवानगी लागत नाही.