डिस्क हलवताना

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, तेव्हा आंजर्ल्याच्या आमच्या घराची कौलं उडाली आणि माळ्यावरच्या ट्रंकेतल्या जमिनीच्या कागदांचा लगदा झाला. पण अण्णांनी एक नक्कल काकांकडे आणि एक दापोलीला मामांकडे ठेवली होती, म्हणून निभावलं.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. तिथली 'सेफ' नावाची प्रणाली असंच करते. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती, तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर. सर्नसारखी संशोधन संस्थाही ती वापरते. नाव पडलं शीर्षपाद प्राण्यांवरून. म्हणजे आपल्या हर्णै बंदरातलं माकूल त्यांच्याच कुळातलं!

आता समजा, सर्व्हर बिघडला, पण त्यातल्या डिस्क धडधाकट आहेत. त्या काढून दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवता येतात. डिस्कला आपला क्रमांक ठाऊक असतो. फक्त आधी प्रणालीला बजावावं लागतं, की ही डिस्क परत येणार आहे. नाहीतर साधारण दहा मिनिटांत ती तिला गेली असं समजते आणि उरलेल्या प्रतींवरून नव्या प्रती करायला लागते.

खरी मेख पुढे आहे. ट्रंक काकांकडे नेली, तर दोन नकला एकाच छपराखाली येतील ना? तसंच इथे. डिस्कचं घर बदललं की प्रणाली नव्याने हिशेब मांडते आणि पुष्कळसे तुकडे इकडून तिकडे हलवते. नवा सर्व्हर रिकामा असेल, त्याला जुन्याचंच नाव दिलं आणि सगळ्या डिस्क त्यात गेल्या, तर मात्र ही धावपळ वाचते.

एकदा रात्री मी चार डिस्क अशा हलवल्या. एकही जागी होईना! त्याच सुमारास दुसऱ्या सर्व्हरमधली एक डिस्कही गेलेली. म्हणजे काही तुकड्यांची एकच प्रत शिल्लक. सहकारी म्हणाला, "चारही पुसून नव्याने भरू." मी हात आवरला. कोणता तुकडा कुठे आहे याची सूची एका छोट्या, वेगवान डिस्कवर असते. ती जुन्या सर्व्हरमध्येच राहिली होती. घाईत विसरलो, चूक माझीच. ती आणून बसवली आणि पहाटे चारही डिस्क उठल्या.

पुढे माळा दुरुस्तीला काढला, तेव्हा अण्णा ट्रंक काकांकडे नेणार होते. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, मग काकांकडची नक्कल दुसरीकडे हलवा."

"ती कालच आत्याकडे पाठवली," अण्णा म्हणाले.