लिपीत नसलेला च

‘चमचा’ म्हणून बघा, मग ‘चमचे’. शेवटचा च बदलतो. पहिल्यात जीभ दातांमागे लागते, दुसऱ्यात टाळूकडे सरकते. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे पाटीवर हा फरक दिसत नाही. तरी डोंबिवलीच्या मराठी घरातलं मूल शाळेत जाण्याआधीच तो बिनचूक पाळतं. मग हे ज्ञान उपजत म्हणायचं का?

पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की महिन्याभराच्या बाळालाही इंग्रजीतले ब आणि प वेगळे ऐकू येतात. भाषा जन्मतःच असते याचा हा पुरावा, असं अनेकांना वाटलं. पण १९७५ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला या कुरतडणाऱ्या प्राण्याला ड आणि ट ओळखायला शिकवलं, तर त्यानेही सीमारेषा जवळपास माणसासारखीच आखली! मला यातून एवढंच दिसतं: उपजत असतो तो तयार कान. मराठी त्यात नंतर भरते.

आणि ती फार लवकर भरते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. हिंदी घरांतल्या बाळांना मात्र तो कळतच राहिला. हे संशोधन १९८४चं.

उच्चार उशिरा येतो, ती वेगळी गोष्ट. दोन वर्षांचं मूल ‘पोळी’ला ‘पोली’ म्हणतं, पण म्हणून त्याला ळ ऐकू येत नाही असं नव्हे. कल्याणच्या आगरी घरात आजीच ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणते. तिथे मूल तिची बोली अचूक उचलतंय. त्याला चूक ठरवू नये.

पण ही बोली बाळाला ऐकवायला वेळ कुठे असतो? पहाटेची लोकल धरणारे आईबाप बाळाला पाळणाघरात सोडतात आणि घरी मोबाइलवर गाणी लावून देतात. पण कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन या चिनी भाषेच्या ध्वनींतला फरक समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून कळू लागला, तोच पडद्यावरून कळला नाही. तेव्हा आंघोळ घालताना, भरवताना, रिक्षात बसल्यावर बाळाशी बोला, आपल्या घरच्या बोलीत बोला. आणि हे सगळं कानावर अवलंबून असल्याने कानाची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. दोष असलाच, तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत.