एका फ्रेममध्ये पाच कोटी ठोके

संभाजीनगर ते वेरूळ साधारण ३० किलोमीटर. एसटीला किती वेळ लागतो ते विचारू नका. प्रकाशाला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३ लाख ठोके पडतात. कैलास लेण्याची उंची ३० मीटरच्या आसपास. शिखरावरून अंगणात उतरायला प्रकाशाला ०.१ मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे जेमतेम ३०० ठोके.

डेस्कटॉपच्या प्लगिनमध्ये अख्खी स्क्रिप्ट भाषा बसवतात, तेव्हा हिशेब याच मापांत करावा लागतो. पॅनेलवरचं घड्याळ, हवामान, बॅटरीची टक्केवारी असल्या किरकोळ कामांसाठी दरवेळी सी भाषेतला कोड बदलून कंपाइल कोण करत बसणार? त्यापेक्षा स्क्रिप्ट वाचून चालवणारा इंटरप्रिटरच प्लगिनच्या पोटात ठेवायचा. स्क्रिप्टची ओळ बदलली, की काम बदललं. रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली लुआ ही भाषा याच कामासाठी नावाजलेली. सीच्या सुमारे ३० हजार ओळी, आणि तयार इंटरप्रिटर ३०० केबीच्या आत! मोबाइलवरच्या ३ एमबीच्या एका फोटोच्या जागेत असे दहा मावतील.

इंटरप्रिटर हळू असतो हे खरंच. सीपेक्षा दहा-वीसपट, कधी त्याहूनही जास्त. तरी भागतं, कारण पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो आणि एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद, म्हणजे तब्बल ५ कोटी ठोके येतात. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेरूळला जाऊन-येऊन ८३ फेऱ्या होतील.

मुख्य प्रोग्रॅमने स्क्रिप्टला एकदा हाक मारायचा खर्च ०.१ मायक्रोसेकंद धरू. कैलासाचं शिखर उतरण्याइतकाच, अगदी स्वस्त. पण हीच हाक प्रत्येक पिक्सेलमागे मारली तर? १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० हाका. नुसत्या हाकांतच ०.२ सेकंद गेला, १२ फ्रेम बुडाल्या, आणि काम अजून सुरूही नाही.

ग्नोम डेस्कटॉपचं कवच (शेल) तर स्वतःच बरंचसं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे. त्याला फायरफॉक्सचं स्पायडरमंकी इंजिन चालवतं, आणि बाहेरची एक्स्टेन्शन्सही त्याच प्रोसेसमध्ये धावतात. त्यांतलं एखादं सेकंदभर लूपमध्ये अडकलं, तर ६० फ्रेम आणि ३ अब्ज ठोके पाण्यात. तोवर अख्खा डेस्कटॉप हँग.

तेव्हा प्लगिन लिहिणाऱ्यांनो, काय करायचं ते स्क्रिप्टला ठरवू द्या. पिक्सेल मोजायला सीलाच बसवा.