मालकाची रजा

दादरच्या बाजारातील बरीच दुकाने सोमवारी बंद असतात; परंतु त्या दिवशी दुकानदार विश्रांती घेतोच असे नाही. हिशेब, उधारीची वसुली, मालाची खरेदी यांतच त्याचा वार संपतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या आस्थापनेत कामगारांना साप्ताहिक सुट्टी व वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. मालकाची रजा मात्र त्याने स्वतःच मंजूर करावयाची असते!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात साप्ताहिक विश्रांतीबरोबरच वर्षातून एकदा दीर्घ सुट्टी हाही श्रमिकांचा हक्क मानला आहे. गल्ला सांभाळणारे पती-पत्नी श्रमिक नव्हेत काय? दिवसभर एकाच गाळ्यात वावरूनही त्यांचे बोलणे बहुधा मालाविषयीच होते. म्हणून दोघांनीच जावे. लालबागच्या मसालेवाल्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. त्यांना पावसाळ्यातील चार दिवस सोयीचे. माथेरान जवळ आहे आणि तेथे खासगी मोटारी गावात नेता येत नाहीत. मात्र पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते. दस्तुरी नाक्यापर्यंत रस्त्यानेच जावे लागते. निघण्यापूर्वी किल्ली विश्वासू माणसाकडे सोपवावी आणि दुकानाचा फोन दिवसातून एकदाच, तोही सायंकाळी घ्यावा.