‘करलं’चे दिवस

आईच्या थोरवीवर मराठीत इतके लिहिले गेले आहे की, आता त्यात भर घालायची म्हणजे समुद्रात घागर रिकामी करण्यासारखे आहे. तिचा त्याग झाला, तिचे कष्ट झाले, तिच्या डोळ्यांतले पाणी झाले. पण लहान मुले सांभाळताना आईला मजा येते, हे मात्र आपण क्वचितच बोलतो. जणू मजा आली तर त्यागाला कमीपणाच येईल!

‘श्यामची आई’ सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर पदर पसरते, तो प्रसंग कोणाला ठाऊक नाही? तिथे ती जे सांगते, ते आपण शाळेत पाठ केले. पण ते ओले, इवलेसे पाय पदरावर पडले तेव्हा तिला काय वाटले? ते श्यामला कुठून कळणार! आईची आठवण मुलगा लिहितो, मुलाची आठवण आई लिहीत नाही. तिला सवड कुठे असते?

आणि तरीही तिने ती जपली. कागदावर नाही, जात्यावर. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ही चाल निदान नऊशे वर्षांची. सानेगुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा साठा चाळताना मी थक्क झाले. सासर-माहेर, विठोबा, भाऊ हे तर आहेतच. पण अंगणातल्या धुळीत लोळणारे, वाळ्यांचा नाद करीत उंबऱ्यापाशी अडणारे, भरल्या घरात सांडलवंड करणारे मूल जागोजागी आहे. तक्रारीचा सूर तरी कौतुकाचाच! पहाटेच्या अंधारात, मांडीवर झोपलेल्या पोराला सांभाळीत दळणाऱ्या बाईने ते टिपले आहे.

जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांनी रोज पायली-पायली दळले, त्यांचे खांदे कसे दुखत हे माझ्या आजीने मला सांगितले आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ती देवापुढे साखर ठेवून आली. आणि त्या कौतुकाच्या खाली एक भीतीही होती. आजीला सात मुले झाली, राहिली चार. म्हणून मूल गोरेगोमटे दिसले की आधी गालावर काळी तीट लागे. कोणी ‘गुटगुटीत आहे हो’ म्हटले की संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळल्या जात. पाचवीला सटवाई पूजायची, ती काय लिहून जाईल याचा घोर उराशी घेऊन. आज लस आहे, डॉक्टर आहे; ती धास्ती पुष्कळ ओसरली. तेव्हा मूल हातातून निसटेल, ही भीती होती. आज मूल खुशाल असते. निसटतात ते त्याचे दिवस.

माझेच पाहा. सकाळी सातचा तास असतो. साडेसहाला घर सोडते तेव्हा सात वर्षांची थोरली पांघरुणात असते आणि चार वर्षांचा धाकटा तिच्या पोटावर पाय टाकून पसरलेला. परत येते ती दुपारी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन. मग उरते ते काय? चिऊचा घास, काऊचा घास. न्हाणीत साबणाच्या फेसाची दाढी. पायात बूट उलटे घालून जिना उतरणे. कोणी ‘आज काय केलंस?’ विचारले तर सांगण्याजोगे काही नाही.

पण मी पडले मराठीची मास्तरीण. माझा कान शब्दांकडे. धाकटा अडीच वर्षांचा असताना एके दिवशी म्हणाला, “आई, मी करलं!” यजमान लगेच म्हणाले, “करलं नाही रे, केलं.” मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केले. वाचकहो, जरा विचार करा. धरपासून धरलं, भरपासून भरलं, मारपासून मारलं. मग करपासून ‘करलं’ का नको? त्या पोराने कोणी न शिकवता भाषेतला नियम हुडकून काढला होता आणि तो निष्ठेने चालवीत होता. चूक त्याची नव्हती. आडवळणाने गेली होती आपली मराठी! तसेच ‘बाबा येले’, तसेच ‘मुंगी मरली’. आमच्या घरात मोरो केशव दामले यांचे व्याकरण कपाटात होते. पण त्याहून जिवंत व्याकरण जमिनीवर रांगत होते.

थोरलीच्या वेळी मी हे काही लिहून ठेवले नव्हते. तिला आपले कोणते शब्द होते, ते आता तिलाही सांगता येत नाही. धाकट्याच्या वेळी दुधाच्या हिशेबाची वही समोर पडली होती, तिच्याच उलट्या बाजूने मी लिहू लागले. एका बाजूला ‘एक लिटर, अर्धा लिटर, खाडा’; दुसऱ्या बाजूला ‘करलं’, ‘येले’, ‘मरली’. फोटो फोनमध्ये शेकड्यांनी आहेत, पण फोटोत मूल दिसते ते आपण ‘इकडे बघ’ म्हटल्यावरचे. ओवी गाणाऱ्या बाईने पोराला कधी ‘इकडे बघ’ म्हटले नसावे. तिचे हात गुंतलेले, ते आपल्या नादात. म्हणूनच तिला ते खरे दिसले.

गेल्या श्रावणात तो खेळता खेळता सहज म्हणाला, “मी घर केलं.” ठोकळ्यांचे घर होते. यजमानांना फार आनंद झाला. मी मुद्दाम विचारले, “काय करलंस?” तर माझ्याकडे दयेने पाहून म्हणाला, “आई, करलं नाही म्हणायचं.” वहीत त्या तारखेला दुधाचा खाडा आहे, उलट्या बाजूला मी नुसते ‘केलं’ एवढेच लिहिले आहे.

आता दिवाळी आली. अंगणात किल्ल्याची माती भिजते आहे. नरकचतुर्दशीला पहाटे दोघांना पाटावर बसवून तेल-उटणे लावायचे, कारीट फोडायला लावायचे. थोरली यंदा म्हणते, “माझं मी लावीन तेल.” धाकटा अजून डोके पुढे करतो. उटणे डोळ्यांत जाईल म्हणून डोळे गच्च मिटतो आणि विचारतो, “संपलं?” मी म्हणते, “अजून नाही रे,” आणि पाठीवर पुन्हा एकदा हात फिरवते.