मुठा कालव्याचा काठ

खडकवासल्याहून हडपसरकडे सायकलनं जायचं असेल, तर मुठा उजव्या कालव्याच्या भरावावर चढ असा लागतच नाही. वडगाव, पर्वतीचा पायथा, स्वारगेट, पुढे हडपसर. शहर खालीवर होत राहतं, कालवा मात्र पातळी न सोडता टेकड्यांना वळसे घालत जातो. पाण्याला उतार हवा, पण गाळ बसू नये आणि मातीही खरवडली जाऊ नये इतकाच. तो हिशेब आज पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांच्या गुडघ्यांना मानवतो.

1860 च्या दशकातल्या दुष्काळानंतर कॅप्टन फाइफ यांनी आखलेलं खडकवासला धरण 1879 मध्ये पूर्ण झालं. पूर्वेकडच्या कोरड्या शेतीला आणि पुण्याला पाणी, हा कालव्यामागचा हेतू. युरोपातल्या कालव्यांच्या काठानं घोडे बोटी ओढत, म्हणून तिथे वाट झाली. इथली वाट कालव्यावर देखरेख ठेवणाऱ्या पाटकऱ्यांसाठी होती.

पाटकरी कालव्यात कमी आणि भरावाच्या बाहेरच्या अंगाला जास्त पाहतो. आवर्तन सुरू असताना पायथ्याशी ओल दिसली की तो थांबतो. पाझर नितळ असेल तर नोंद करून लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर पाण्याबरोबर आतली मातीही निघाली आहे, म्हणजे भराव आतून पोकळ होतोय. तेव्हा वेळ दवडून चालत नाही. खेकड्याच्या बिळाएवढी वाट पाण्याला पुरते. ही नजर पायी फिरूनच येते. जीपमधून ओल दिसत नाही.

27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी शिरलं. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. बिळं तर दरवर्षीच होतात, ती वेळेवर बुजवायला रोज चालणारी माणसं लागतात. काठ लोकांच्या वावरात असणं ही कालव्याचीही गरज आहे.

आज हा काठ सलग उरलेला नाही. मोठ्या रस्त्यांपाशी वाट तुटते, कुठे कचऱ्याचे ढीग आडवे येतात, कुठे कठडाच नसतो. त्यात खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना आहे. गळती, बाष्पीभवन आणि पाणीचोरी थांबावी, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. वसई-विरारकरांना हा प्रकार नवा नाही: सूर्या योजनेतलं त्यांच्या वाट्याचं रोजचं 18 कोटी 50 लाख लिटर पाणी बंद जलवाहिनीतून आणि डोंगराखालच्या बोगद्यातूनच येतं. बंद वाहिनीला काठ नसतो. पुण्यात मात्र काठ आधीपासून आहे, आणि पाणी जमिनीखाली गेल्यावर मोकळी होणारी पट्टी मोटारींसाठी मागितली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अमेरिकेत चेसापीक-ओहायो कालव्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. 1954 मध्ये न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या रस्त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांनाच सोबत चालायचं आव्हान दिलं आणि 184.5 मैलांच्या काठानं ते निघाले. रस्ता झाला नाही. 1971 मध्ये तो काठ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

पुण्याच्या पाटबंधारे खात्यानं आणि महापालिकेनं बोगद्याचं काम पुरं होण्याची वाट न पाहता खडकवासला ते हडपसर ही पट्टी पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आजच राखीव करावी, आणि तुटलेले टप्पे जोडून घ्यावेत.